व्यवसाय : मजुरी



या सभागृहात पन्नाशी ओलांडलेले जे कुणी असतील, त्यांत पाटीवरची पेन्सिल न खाल्लेला माणूस विरळाच. आई रागवायची, बाई हातावर पट्टी मारायच्या, तरी पेन्सिल लिहून कमी आणि चावून जास्त संपायची. ती पेन्सिल येते कुठून, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. तिचा फार मोठा वाटा यायचा मध्य प्रदेशातल्या मंदसौरहून. मंदसौर शहर आणि शेजारचं मुल्तानपुरा या टापूत पाटीचा दगड निघतो. तो आधी फोडायचा, मग त्याच्या पातळ फळ्या काढायच्या आणि त्या फळ्या करवतीखाली धरून कांड्या पाडायच्या. पोटात गेलेल्या पेन्सिलीनं आपलं फारसं काही बिघडलं नाही. करवतीखालून उडालेली पेन्सिल मात्र ज्यांच्या छातीत गेली, त्यांतले कितीतरी जण पोरं पाटी गिरवण्याच्या वयाची असतानाच गेले.

पूर्वी हे काम हातकरवतीनं चाले. मग विजेवर फिरणाऱ्या गोल करवती आल्या. माल वाढला, त्याच्या कितीतरी पट धूळ वाढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या ५९३ कामगारांची तपासणी केली आणि १९८५ साली ती प्रसिद्ध केली. एक्सरेमध्ये ५४.६ टक्के कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, दिसला. दोघांतला एक! कारखान्यातल्या एखाद्या यंत्रानं दोघांतल्या एकाचा हात कापला असता, तर ते यंत्र दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं.

आजचा माझा विषय मात्र नुसता सिलिकोसिस नाही. धुळीचा रोग आणि क्षय या जोडगोळीबद्दल मला बोलायचं आहे. छातीच्या विकारांच्या ओपीडीत ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांना तिथला केसपेपर माहीत आहे. नाव, वय, गाव आणि पुढे ‘व्यवसाय’. या रकान्यात शंभरात नव्याण्णव वेळा ‘मजुरी’ असं लिहिलेलं असतं. बाहेरच्या टेबलावरचा माणूस ते न विचारताच लिहून मोकळा होतो, आणि आत बसलेले आम्ही डॉक्टर ते वाचून पुढे जातो. मजुरी कसली? ऊस तोडायची, हमालीची, की दगडाची पावडर पोत्यात भरायची? या एका प्रश्नावर रोगाचं निदान फिरतं, उपचार किती महिने द्यायचे ते फिरतं, आणि नुकसानभरपाई कुणी द्यायची तेही फिरतं. एवढा मोठा प्रश्न आम्ही एका शब्दात गुंडाळून टाकतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली कामधंद्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं आणि सांगितलं, की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुमचा धंदा काय’ हेही विचारा. तीनशे वर्षं उलटून गेली, तरी आमचा रकाना अजून भरायचाच आहे.

आता छातीत नेमकं काय होतं ते पाहू. वाळू, गारगोटी, वालुकाश्म, ग्रॅनाइट यांत स्फटिकरूप सिलिका असते. दगड फोडला, कापला, घासला की तिचे कण उडतात. जे डोळ्यांना दिसतात, अंगावर पांढरे बसतात, ते तुलनेनं गरीब. ते नाकात आणि घशात अडकतात, शिंकेबरोबर, बेडक्याबरोबर बाहेर पडतात. खरा वैरी दिसत नाही. चार-पाच मायक्रॉनच्या आतले कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक, थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. आत आलेला परका कण गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचं काम. सिलिका त्यांना पचत नाही. गिळणारी पेशीच फुटते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही फुटते. या चकमकीत आजूबाजूला दाह होतो, व्रण भरताना होतं तसं तंतुमय ऊतक साचतं आणि फुप्फुसात गाठी धरतात. ताज्या फुटलेल्या दगडाची धूळ तर जुन्या, मुरलेल्या धुळीपेक्षा अधिक विषारी असते. म्हणून क्रशर, पावडरची गिरणी आणि करवत ही सगळ्यांत वाईट ठिकाणं.

आणि क्षयाचा जंतू? तो श्वासाबरोबर आला की त्याला गिळून कोंडून ठेवण्याचं काम याच पेशींकडे असतं. आपल्या देशात फार मोठ्या लोकसंख्येच्या छातीत हा जंतू असा कोंडलेला आहे. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. धुळीत काम करणाऱ्याचे पहारेकरी मात्र आधीच सिलिकेनं मारलेले किंवा अधमेले केलेले असतात. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा सरासरी चौपट असतो, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानं जगभरचे अभ्यास एकत्र करून काढला. एक्सरेत सिलिकोसिस अजून उमटलेला नाही, नुसती धूळ खाल्ली आहे, अशांनाही जवळपास दुप्पट धोका. यातलं सगळ्यांत क्रूर कलम वेगळंच आहे. काम सोडलं म्हणून धोका सुटत नाही. कण आतच असतात. माणूस खाण सोडून गावी शेती करू लागला, तरी दहा वर्षांनीही क्षय त्याला गाठू शकतो. तेव्हा खाणीचं नाव कुणी काढत नाही.

सगळी धूळ सारखी नसते, हेही सांगायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या तंतूंनी कामगारांच्या छात्या धरायच्या, सोमवारी पाळीवर गेलं की दम लागायचा. त्या बिसिनोसिसवर केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी पुष्कळ काम केलं आहे. पण कापसाची धूळ क्षयाला अशी दारं उघडून देत नाही. गिरणगावात क्षय होता, तो मुख्यतः दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्या लावून झोपणाऱ्या माणसांमुळे आणि अर्धपोटी राहण्यामुळे. अॅस्बेस्टॉसचं गाऱ्हाणं पुन्हा वेगळं, ते कर्करोगाकडे जातं. क्षयाशी खरी सोयरीक सिलिकेची. आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण, बेसॉल्ट, यात मोकळी स्फटिक सिलिका कमी असते, त्या बाबतीत सह्याद्रीनं आपल्यावर उपकारच केले. पण सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात निघते ती सिलिका वाळूच. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांत साचे होतात ते याच जातीच्या वाळूचे. आणि शहरोशहरी किचनच्या ओट्यांसाठी ग्रॅनाइट कापलं जातं, त्याचं काय?

निदानाकडे वळतो. व्ह्यू-बॉक्सवर एक्सरे लावला आहे असं समजा. क्षयात साधारणपणे एका बाजूला, वरच्या भागात, डाग किंवा पोकळी दिसते. सिलिकोसिसमध्ये दोन्ही बाजूंना, वरच्या अर्ध्या भागात जास्त, राजगिरा सांडावा तसे बारीक गोल ठिपके दिसतात. कधी फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या गाठींच्या कडेला चुन्याची पातळ कवची धरलेली असते. ती दिसली आणि माणूस दगडातला असला, तर शंकेला फारशी जागा राहत नाही. पण रक्तावाटे पसरलेल्या क्षयातही बारीक ठिपकेच दिसतात. फरक एक्सरेत कमी, माणसात जास्त. पसरलेल्या क्षयाचा रोगी तापानं फणफणलेला, अंथरुणाला खिळलेला असतो. सिलिकोसिसवाला स्वतःच्या पायांनी चालत येतो, ताप नाही, भूक बरी, फक्त चढ चढवत नाही. घाईच्या ओपीडीत, शंभर माणसं बाहेर ताटकळत असताना, ठिपके पाहून ‘टीबीचा कोर्स सुरू करा’ असं लिहिणं सर्वांत सोपं. थुंकी निगेटिव्ह असली तरी लिहिलं जातं. सहा महिने गोळ्या होतात, दम तसाच. मग दुसरा डॉक्टर, दुसरा कोर्स. असे दोन-तीन कोर्स झालेली माणसं दगडाच्या प्रत्येक पट्ट्यात भेटतील.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सिलिकोसिस माहीत असलेल्या रोग्याचा दम वाढला, वजन उतरलं, तर तो त्या रोगाचाच भाग समजून क्षय तपासायचा राहून जातो. गाठींनी भरलेल्या एक्सरेत नवा डाग दिसतही नाही. म्हणून ‘हा क्षय नाही, सिलिकोसिस आहे’ असं ठासून सांगणाऱ्या कार्यकर्त्यांशीही माझा थोडा वाद आहे. केसपेपरवरचा क्षय पुष्कळदा खोटा नसतो. तो अर्धा असतो.

हा अर्धेपणा कुणाच्या सोयीचा आहे? क्षय हा जंतूचा रोग. जंतूवर दावा लावता येत नाही. क्षय झाला तर दोष रोग्याच्या घराचा, खाण्याचा, बिडीचा, नशिबाचा. सिलिकोसिस झाला तर त्याला कारखाना असतो, कारखान्याला मालक असतो आणि मालकाला कायदा लागू होतो. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात धुळीचे फुप्फुसरोग परिशिष्टात होते, कामगार विम्यातही आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तर डॉक्टरवरही कर्तव्य टाकलं होतं. असा रोगी आढळला तर मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचं, न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड. हा दंड झालेला डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही. आणि क्षयाचं बघा. २०१२ पासून क्षयरोग्याची नोंद सक्तीची आहे, ती मोबाइलवरून होते, खासगी डॉक्टरला नोंदीबद्दल मानधन मिळतं, रोग्याच्या खात्यात पोषणाचे पैसे जमा होतात, आधी महिन्याला ५००, आता १०००. चांगली योजना आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण एकाच माणसाच्या एकाच छातीतल्या दोन रोगांपैकी एकाची नोंद करणाऱ्याला मानधन आणि दुसऱ्याची नोंद करणाऱ्याच्या नशिबी कोर्टाच्या खेपा, अशी व्यवस्था असेल, तर केसपेपरवर कोणता रोग उतरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

याची सगळ्यांत जळजळीत हकीकत आपल्या अगदी शेजारची आहे. धडगाव-अक्राणीच्या डोंगरातून खाली नर्मदा ओलांडली की पलीकडे अलिराजपूर, त्याच्या वर झाबुआ. माणसं आपल्या सातपुड्यातल्यासारखीच, भिल्ल आणि भिलाला. पाऊस दगा देतो तेव्हा ही माणसं गुजरातेत मजुरीला उतरतात. गोध्रा आणि बालासिनोरच्या बाजूला गारगोटी दळण्याचे कारखाने होते. काच, चिनी माती असल्या उद्योगांना लागणारी पांढरी पावडर तिथे तयार होई. बंद शेडमध्ये गिरणी चालायची, खालून पावडर यायची आणि मजुरानं ती पोत्यात भरायची. गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ. आपल्या कायद्यातलं सूत्र असं आहे, की दहाला क्वार्ट्झची टक्केवारी अधिक दोन यानं भागायचं, येईल तितके मिलिग्रॅम एका घनमीटर हवेत चालतील. गारगोटीला हा हिशेब लावला तर उत्तर येतं ०.१ मिलिग्रॅम. इतक्या धुळीत हवा काचेसारखी स्वच्छ दिसते. ज्या शेडमध्ये समोरचा माणूस दिसेनासा होतो, तिथे मर्यादेच्या किती पट धूळ असेल ते तुम्हीच ठरवा.

साध्या सिलिकोसिसला दहा-वीस वर्षं लागतात असं आम्ही पुस्तकात शिकलो. इथे काही महिने, फार तर दोन-चार वर्षं काम केलेली तरणीताठी पोरं धाप लागून घरी परतली आणि गेली. गावच्या दवाखान्यात कागदावर काय लिहिलं जात होतं, ते आता तुम्हाला सांगायला नको. ‘शिल्पी केंद्र’ आणि ‘खेडूत मजदूर चेतना संगठ’ यांसारख्या संघटनांनी घरोघर फिरून माणसं मोजली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारनं प्रत्येकी तीन लाख द्यावेत अशी शिफारस केली. सरकारनं ती लांबवली. अखेर मे २०१६ मध्ये न्यायालयानं आदेश दिला. २३८ कुटुंबांना गुजरातनं पैसे द्यायचे, जिवंत असलेल्या ३०४ जणांचं पुनर्वसन मध्य प्रदेशनं करायचं. याचिकेपासून आदेशापर्यंत दहा वर्षं गेली. पैसे कुणाच्या तिजोरीतून गेले हेही ध्यानात घ्या. सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या. ज्यांनी पावडर विकली त्यांच्या नव्हे.

मालकाला हात लावणं अशक्य आहे का? दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच माणसं खात होता. बोअर युद्धाच्या आधी तिथे यांत्रिक ड्रिल चालवणारे १३७७ गोरे कामगार होते, युद्ध संपत आलं तेव्हा त्यांतले २२५ मेलेले आढळले. गोळीनं नव्हे. गोऱ्यांसाठी लवकरच आयोग नेमले गेले, कायदे झाले. काळ्या कामगारांना धूळ तीच, भरपाई मात्र नाममात्र. आजारी पडला की त्याला गावी धाडायचं, आणि तो आपल्याबरोबर खाणीतला क्षय खेड्यापाड्यांत घेऊन जायचा. पुढे एचआयव्ही आला. सिलिकोसिस आणि एचआयव्ही एकत्र आले की क्षयाचा धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. तिथल्या खाणकामगारांत तो सुमारे पंधरापट निघाला.

थेंबेकिले मंकायी हा त्यांपैकी एक कामगार. १९७९ ते १९९५ खाणीत होता. क्षय आणि छातीचा विकार घेऊन बाहेर पडला. भरपाई मिळाली १६,३२० रँड. त्यानं कंपनीवर सुमारे २६ लाख रँडचा दावा लावला. कंपनी म्हणाली, भरपाईचा कायदा असताना आमच्यावर दावा लावताच येत नाही. खालच्या कोर्टांनी ते मान्य केलं. मार्च २०११ मध्ये घटनात्मक न्यायालयानं निकाल फिरवला. मंकायी त्याच्या काही दिवस आधी वारला होता. पण दार उघडलं. हजारो कामगारांचा एकत्रित दावा उभा राहिला, आणि २०१९ साली सोन्याच्या खाणीवाल्या कंपन्यांनी पाच अब्ज रँडच्या तडजोडीला न्यायालयाची मान्यता घेतली. त्या तडजोडीत सिलिकोसिसबरोबर खाणीत असताना झालेला क्षयही धरला आहे. मला ही बाब सगळ्यांत मोलाची वाटते. धुळीत काम करणाऱ्याचा क्षय हा कामाचा रोग मानायचा. जंतू कुठून आला याचा शोध कामगारानं घ्यायचा नाही.

आपल्याकडे राजस्थाननं २०१९ साली धुळीच्या रोगांचं स्वतंत्र धोरण आणलं. प्रमाणपत्र मिळालं की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख, शिवाय पेन्शन. जोधपूर, करौली, धौलपूरच्या वालुकाश्माच्या खाणींत ज्यांच्याकडे हजेरीचा एक चिटोराही नव्हता, अशांना त्यामुळे काही हाती लागलं. पण तिथेही पैसा सरकारी, आणि धूळ उडतेच आहे.

उपचाराबद्दल दोन गोष्टी सांगतो, माझ्या व्यवसायबंधूंनी ऐकाव्यात. हाँगकाँगमध्ये १९९० च्या सुमारास सिलिकोसिसच्या रोग्यांवर काळजीपूर्वक चाचण्या झाल्या. क्षय झालेल्यांना सहा महिने औषध दिलं तर २२ टक्क्यांना रोग उलटला, आठ महिने दिलं तर ७ टक्क्यांना. दुसऱ्या चाचणीत क्षय न झालेल्या सिलिकोसिसच्या रोग्यांना प्रतिबंधक औषध दिलं. पाच वर्षांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २७ टक्क्यांना क्षय झाला, औषध घेणाऱ्यांत १३ टक्क्यांना. निम्म्यावर आला. जागतिक आरोग्य संघटना या रोग्यांना असं औषध द्या म्हणते, आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही सिलिकोसिसचं नाव आहे. औषध आहे, सूचना आहे. ते कुणाला द्यायचं हे मात्र ‘मजुरी’ लिहून कळणार नाही.

आणि गूळ. क्रशरवर, गिरणीत, फाउंड्रीत मुकादम संध्याकाळी गुळाचा खडा हातावर ठेवतो. गुळानं छातीतली धूळ धुऊन निघते, ही समजूत मालकापासून मजुरापर्यंत सगळ्यांना मान्य आहे. कधीतरी उंदरांवर प्रयोग झाले म्हणून तिला शास्त्राचा मुलामा मिळाला. माणसाच्या बाबतीत याला कसलाही आधार नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात, दोघांची गाठ पडत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाचंही तेच. दिसणारी धूळ थोडी अडते, मारणारी सरळ आत जाते. गूळ जरूर खावा, तो चांगला लागतो. पण तो धुळीवरचा बंदोबस्त म्हणून वाटला जातो तेव्हा ती फसवणूक आहे.

धुळीवर उपाय पाण्याचा आणि ओढून घेणाऱ्या पंख्याचा. ओलं ड्रिलिंग करायचं, करवतीवर पाण्याची धार ठेवायची, गिरणी बंदिस्त करून धूळ यंत्रानं खेचायची. हे ज्ञान शंभर वर्षांपूर्वीचं आहे. सिलिकोसिस २०३० पर्यंत संपवायचा, असा कार्यक्रम आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ साली जाहीर केला होता. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ पासून किचनच्या ओट्यांच्या कृत्रिम क्वार्ट्झवर बंदीच घातली, कारण ते कापणारी तरुण मुलं आजारी पडू लागली. त्या फरशीत नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. आपल्या बाजारात ती ‘क्वार्ट्झ टॉप’ म्हणून दिमाखात विकली जाते.

म्हणून एक विनंती तुम्हा सर्वांना, डॉक्टर नसलेल्यांनाही. घराचं काम निघालं, ओटा किंवा फरशी कापायला कारागीर आला, की आपण त्याला घरात धूळ नको म्हणून गॅलरीत किंवा जिन्याखाली पाठवतो आणि दार लावून घेतो. तसं करू नका. पाण्याची सोय असलेलंच कटर आणा असं कंत्राटदाराला आधी सांगा, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतायला लावू नका, विजेचा धक्का बसतो. शक्य असेल तर माप देऊन दुकानातच ओलं कापून घ्या. काम एक दिवस लांबेल, बिल थोडं वाढेल. ते द्या. आणि तो कारागीर खोकत असेल, तर किती वर्षं हे काम करतो ते विचारा, आणि छातीच्या डॉक्टरकडे पाठवताना ते एका चिठ्ठीवर लिहून द्या.